विद्युन्मल्लाची घडण

१

नियम लिहिणे ही साहित्यरचना होय, असे मानण्याची प्रथा मराठीत नाही. सूत्रग्रंथ, व्याकरणे, पाकशास्त्राची पुस्तके ही सारी नियमांचीच रचना असली, तरी समीक्षकाची दृष्टी त्यांच्याकडे क्वचितच वळते. आणि खेळाच्या नियमांकडे तर ती वळतच नाही. सोंगट्या, गंजिफा, बुद्धिबळ यांचे नियम माणसे पाठ करतात, त्यांवरून भांडतात, परंतु त्यांत अर्थ शोधीत नाहीत. गेल्या पन्नास वर्षांत मात्र खेळाचा असा एक प्रकार जगभर रूढ झाला आहे, की ज्यात नियम आणि कथा यांची फारकत करता येत नाही. त्या प्रकारात नियम लिहिणारा मनुष्य वस्तुतः पात्र लिहीत असतो. आणि पात्र लिहिणाऱ्याला समीक्षा जे प्रश्न विचारते, ते त्यालाही विचारणे प्राप्त होते.

अमेरिकेतील गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी १९७४ साली प्रसिद्ध केलेला 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा या प्रकाराचा आदिग्रंथ. चार-सहा जण एका मेजाभोवती बसतात. प्रत्येक जण एकेक पात्र धारण करतो. एक जण सूत्रधार होतो. तो प्रसंग सांगतो, शत्रू उभे करतो, न्यायनिवाडा करतो. पात्राने काय करावे हे खेळाडू ठरवितो, आणि ते साधले की फसले हे फासा ठरवितो. आरंभी हा खेळ शिशाच्या सैनिकांच्या लुटुपुटीच्या लढायांतून निघाला; पुढे सैन्य मागे पडले आणि एकेका व्यक्तीचे चरित्र पुढे आले.

या खेळात प्रत्येक पात्राचा एक 'वर्ग' असतो: योद्धा, मांत्रिक, चोर, भिक्षू इत्यादी. वर्गाच्या वीस पायऱ्या असतात. काही पायऱ्या चढल्यावर पात्र त्या वर्गातला एक विशिष्ट पंथ स्वीकारते; त्याला 'उपवर्ग' म्हणता येईल. मूळ पुस्तकात थोडेच उपवर्ग छापलेले असतात. म्हणून खेळाडू स्वतःच नवे उपवर्ग रचतात, एकमेकांना देतात, खेळून पाहतात आणि दुरुस्त करतात. अशा घरगुती रचनेला प्रकाशकांनीही मोकळीक दिली: २००० साली एका खुल्या परवान्याने, आणि जानेवारी २०२३ मध्ये मूळ नियमसंग्रह क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली आणून. लिपी आणि बाराखडी सर्वांच्या मालकीची झाल्यावर जे होते, ते येथे झाले, लिहिणारे वाढले.

या घरगुती रचनांत एक कल्पना पुनःपुन्हा येते. शस्त्रावाचून लढणारा, हातापायांत विजेची शक्ती बाळगणारा मल्ल, अशी ती कल्पना आहे. प्रस्तुत लेखात त्याला 'विद्युन्मल्ल' म्हटले आहे. ही कल्पना पुनःपुन्हा का येते, बहुधा ती फिकी का उतरते, आणि मराठी परंपरेतील सामग्री हाती घेतली असता तिचे काय होऊ शकते, एवढाच विचार येथे कर्तव्य आहे.

२

या खेळातील 'भिक्षू' हा वर्ग १९७५ साली 'ब्लॅकमूर' या पुरवणीत प्रथम आला. तो काळ अमेरिकेत चिनी मुष्टियुद्धाच्या चित्रपटांचा आणि दूरचित्रवाणीवरील मालिकांचा होता. शाओलिनच्या विहारातील साधू, त्याचे मौन, त्याचा अचूक प्रहार ही प्रतिमा त्या चित्रपटांतून घेऊन युरोपीय मध्ययुगाच्या शूर सरदारांशेजारी बसविण्यात आली. हे मिश्रण कधी पूर्ण जुळले नाही. १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीच्या मूळ पुस्तकातून भिक्षू वगळला गेला. २००० च्या तिसऱ्या आवृत्तीत तो परत आला. त्याच्या अंतःशक्तीला जपानी भाषेतील 'की' हा शब्द पन्नास वर्षांच्या बऱ्याच भागात चालला. २०२४ च्या सुधारलेल्या नियमांत तो काढून त्याजागी एकाग्रता सुचविणारा इंग्रजी शब्द घालण्यात आला. पूर्वेकडून उसना आणलेला शब्द आता ओझे वाटू लागला, असा याचा अर्थ.

विजेची कथाही अशीच अर्धवट आहे. २०१४ च्या पुस्तकात भिक्षूच्या तीन उपवर्गांपैकी एक चार महाभूतांचा होता. पृथ्वी, आप, तेज आणि वायू या ग्रीक चौकटीत विजेला स्वतंत्र आसन नाही. म्हणून त्या उपवर्गात ज्वाळेचे सर्प होते, पाण्याचे चाबूक होते, वाऱ्याचे ठोसे होते, गडगडाटाचा एक प्रहारही होता, परंतु वीज नव्हती. शिवाय त्यातील प्रत्येक करामतीला प्राणशक्तीचे इतके मोल पडे, की दोन-तीन प्रयोगांतच पात्र रिकामे होई. ही तक्रार खेळाडूंत सर्वपरिचित आहे. २०२४ साली या उपवर्गाची पुनर्रचना झाली, तेव्हा विजेला जागा मिळाली. पण ती आम्ल, शीत, अग्नी आणि गर्जना यांच्या पंक्तीतील एक पर्याय म्हणून. प्रहार करताना खेळाडूने यांतील एक निवडावा, एवढाच तिचा अधिकार.

घरगुती रचनाकारांना नेमकी ही उणीव खुपते. परंतु ती भरून काढताना ते बहुधा प्रकाशकाचीच वाट धरतात. जेथे 'अग्नी' होता तेथे 'वीज' लिहितात, ज्वाळेचा रंग निळा करतात, आणि पंथाला एखादे भारदस्त नाव देतात. फासे तेच, आकडे तेच, खेळाडूच्या पुढचा निर्णयही तोच. अशा रचनेत वीज ही विशेषण म्हणून येते. क्रियापद म्हणून येत नाही. अलंकारशास्त्राच्या भाषेत सांगावयाचे तर उपमान बदलले, पण साधर्म्य कोणीच पाहिले नाही.

३

उसनवारीचा हा प्रश्न भारतीय साहित्यशास्त्राला नवा नाही, आणि त्याचा सर्वांत बारकाईने विचार करणारा ग्रंथकार जबलपूरशी जोडलेला आहे, हा योगायोग उल्लेखनीय आहे. जबलपूरच्या पश्चिमेस, भेडाघाटच्या वाटेवर तेवर नावाचे गाव आहे. तेच कलचुरी राजांचे त्रिपुरी. दहाव्या शतकात युवराजदेवाच्या राजसभेत राजशेखराचे 'विद्धशालभंजिका' हे नाटक झाले. नाटकाच्या नायकाचे नाव विद्याधरमल्ल; राजा आणि मल्ल हे शब्द तेव्हा सहज एकत्र नांदत. कलचुरींचे शिलालेख १९५५ साली संपादून प्रसिद्ध करणारे वासुदेव विष्णु मिराशी यांच्यामुळे हा इतिहास मराठी अभ्यासकांच्या विशेष परिचयाचा आहे. राजशेखर स्वतः यायावर कुळातला. त्याच्या एका पूर्वजाला तो महाराष्ट्राचा चूडामणी म्हणतो. त्या पूर्वजाचे नाव अकालजलद, म्हणजे अवेळी आलेला मेघ. विजेच्या मल्लाला याहून शोभणारे गोत्र शोधून सापडावयाचे नाही.

राजशेखराचा 'काव्यमीमांसा' हा ग्रंथ १९१६ साली बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेचे पहिले पुष्प म्हणून छापला गेला. त्यात 'हरण' या विषयाला स्वतंत्र अध्याय आहेत. दुसऱ्याचा शब्द वा अर्थ घेणे टाळता येत नाही, हे राजशेखर गृहीत धरतो. त्याचा प्रश्न पुढचा आहे: घेतलेल्या अर्थाचे कवीने काय केले? आनंदवर्धनाने सांगितलेल्या प्रकारांत भर घालून तो चार पायऱ्या मांडतो. पहिली 'प्रतिबिंबकल्प': अर्थ सगळा तोच, केवळ शब्दांची मांडणी निराळी. दुसरी 'आलेख्यप्रख्य': चित्राप्रमाणे थोडा संस्कार केल्यामुळे वस्तू वेगळी भासते. तिसरी 'तुल्यदेहितुल्य': विषय भिन्न, पण साम्य इतके की दोघे एकच वाटावेत. चौथी 'परपुरप्रवेशसदृश': मूळ एक, पण घडण सर्वस्वी वेगळी, योग्याने दुसऱ्या देहात शिरावे तशी.

ही चौकट घरगुती उपवर्गांना विलक्षण नेमकेपणाने लागू पडते. अग्नी खोडून वीज लिहिणे हे प्रतिबिंब होय. विजेला झटका, चकाकी, बधिरता असे परिणाम जोडणे हे आलेख्य होय. येथे नवेपणा आहे, पण तो पृष्ठभागावरचा. एखाद्या दुसऱ्या वर्गाची, समजा वादळाच्या मांत्रिकाची, कृती मल्लाच्या अंगावर बेतणे ही तुल्यदेहाची पायरी. पात्र निराळे, चाल मात्र ओळखीची. चौथ्या पायरीवर जावयाचे तर भिक्षू या परक्या देहात दुसरा प्राण घालावा लागेल. वर्गाचा सांगाडा तोच राहील: तोच प्राणशक्तीचा साठा, त्याच वीस पायऱ्या, तोच फासा. परंतु त्या सांगाड्याने करावयाचे कर्म आतून बदललेले असेल. असा प्राण मराठी मल्लपरंपरेत आहे काय, हे पाहणे मग ओघानेच येते.

४

लढणारा विरक्त ही कल्पना येथे परकी नाही. अठराव्या शतकात अनुपगिरी गोसावी, म्हणजे हिंमतबहादूर, आपल्या गोसाव्यांची पथके घेऊन उत्तर हिंदुस्थानच्या राजकारणात वावरला. बाजीराव आणि मस्तानी यांचा नातू अलीबहादूर याच्याबरोबर तो बुंदेलखंडात उतरला. जबलपूरचा मुलूख त्या रणभूमीला लागूनच. परंतु गोसाव्यांच्या हाती शस्त्रे होती. निःशस्त्र अंगबळाची विद्या ही तालमीची. आणि तालमीचे दैवत मारुती.

मारुतीची कथा विजेचीच कथा आहे, हे सहसा लक्षात येत नाही. सूर्याकडे झेपावलेल्या बालकावर इंद्राने वज्र फेकले. ते हनुवटीवर बसले आणि त्यावरून हनुमान हे नाव पडले. वज्र म्हणजे इंद्राचे आयुध, मेघातला विद्युत्पात. ज्याच्यावर वीज पडली तोच पुढे वज्रदेही ठरला. 'बजरंग' हा शब्द 'वज्रांग' याचेच लोकरूप होय. समर्थ रामदासांनी सतराव्या शतकात गावोगाव मारुती स्थापिले, आणि त्यांच्या सुपरिचित मारुतिस्तोत्रात त्या देवतेच्या चपळाईला विजेची उपमा आली आहे. तेथे त्याचा देह पर्वतासारखा असूनही सडपातळ वर्णिला आहे, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. आदर्श मल्ल हा केवळ मांसाचा डोंगर नव्हे. वेग हे त्याचे खरे लक्षण आहे, असा त्यातला संकेत.

वज्राचा दुसरा धागा 'वज्रमुष्टी' या युद्धप्रकाराचा. मुठीत शिंगाचे वा हस्तिदंताचे दातेरी आयुध धरून खेळली जाणारी ही झुंज गुजरातेतील मोढेऱ्याच्या ज्येष्ठीमल्लांनी जोपासली. त्यांचे कुलपुराण 'मल्लपुराण' १९६४ साली त्याच बडोद्याच्या ग्रंथमालेत प्रसिद्ध झाले. म्हैसूरच्या दसऱ्यात जेट्टी मल्ल ही झुंज राजवाड्यात खेळतात. प्रतिस्पर्ध्याच्या मुंडन केलेल्या मस्तकावर रक्ताचा पहिला थेंब दिसला की ती थांबते. प्रहार एक, निर्णय तत्काळ: विजेचे नाव या आयुधाला उगाच मिळालेले नाही. कल्याणीच्या चालुक्यांपैकी सोमेश्वर तिसरा याच्या बाराव्या शतकातील 'मानसोल्लास' या ग्रंथातही मल्लविनोदाचे सविस्तर प्रकरण आहे. मल्लांचा आहार, सराव, वयाप्रमाणे त्यांचे वर्ग यांची नोंद तेथे सापडते. आणि या साऱ्याचा मराठीतील महासंग्रह म्हणजे दत्तात्रय चिंतामण मुजुमदार यांनी बडोद्याहून संपादिलेला दहा खंडांचा 'व्यायाम ज्ञानकोश'.

तिसरा धागा अधिकच मोलाचा आहे. मराठी तालमीत कुस्तीचे परंपरेने चार प्रकार सांगितले जातात: भीमसेनी, हनुमंती, जांबुवंती आणि जरासंधी. भीमसेनीत बळावर भर, हनुमंतीत डावपेच आणि चपळाई, जांबुवंतीत प्रतिस्पर्ध्याला जखडून निरुपाय करणे, जरासंधीत सांधे आणि अवयव मोडण्याकडे रोख. ज्याला या खेळात उपवर्ग म्हणतात, तीच ही कल्पना होय. एकच विद्या, चार पंथ. प्रत्येक पंथाला महाकाव्यातला एक आद्यपुरुष. आणि त्या पुरुषाच्या स्वभावातून निघालेली लढण्याची रीत. अमेरिकेतल्या पुस्तकाने १९७४ नंतर हळूहळू जी रचना सिद्ध केली, ती आखाड्याच्या लाल मातीत आधीच मुरलेली होती. विद्युन्मल्लाला नवा पंथ काढण्याची गरज नाही. तो हनुमंती कुस्तीचा वारस आहे.

५

परंतु वारसा सांगून भागत नाही. वीज म्हणजे काय, हे नियम लिहिणाऱ्याने आधी समजून घेतले पाहिजे, आणि येथेही घरची शिदोरी उपयोगी पडते. अन्नंभट्टाच्या 'तर्कसंग्रहा'त तेजाचे विषयभेद सांगताना विजेला दिव्य तेजात घातले आहे. पाणी हेच तिचे इंधन, असे तिचे लक्षण. लाकूड जाळणारा अग्नी भौम. वीज ही पाण्यावर जळणारी आग. चार भूतांच्या ज्या चौकटीत विजेला आसन मिळाले नव्हते, तिचे उत्तर येथे आहे. वीज हे पाचवे भूत नसून दोन विरुद्ध भूतांच्या भेटीत निघणारे तेज आहे. नैयायिकांची उपपत्ती आजच्या विज्ञानाची नव्हे, हे उघडच आहे. तरी दोन विरोधी पक्षांच्या सान्निध्यावाचून वीज नाही, हा तिचा गाभा कल्पकाला पुरेसा आहे.

आधुनिक विज्ञान याहून नाट्यमय गोष्ट सांगते. मेघातून विद्युद्भार एकदम जमिनीवर कोसळत नाही. प्रथम एक फिकट धारा सुमारे पन्नास-पन्नास मीटरांच्या टप्प्यांनी वाट चाचपीत खाली येते. ती जमिनीजवळ आली की झाडांतून, कळसांतून, उभ्या वस्तूंतून तिच्याकडे दुसरी धारा वर झेपावते. दोहोंची गाठ पडली म्हणजे वाट पूर्ण होते, आणि मग त्याच वाटेने तो प्रचंड प्रवाह वाहतो, ज्याला डोळा वीज म्हणतो. हा प्रवाह सुमारे तीस हजार ॲम्पिअरचा असतो, आणि वाटेतली हवा सुमारे तीस हजार अंश सेल्सिअसपर्यंत तापते. एकाच लखलखाटात त्याच वाटेने बहुधा तीन-चार प्रहार होतात. तापलेली हवा फुटून गडगडाट होतो. पण ध्वनीला एक किलोमीटर येण्यास सुमारे तीन सेकंद लागतात. म्हणून दर्शन आधी, गर्जना मागून.

या वर्णनाशेजारी कुस्तीचा क्रम ठेवून पाहावा. सलामी झाल्यावर मल्ल एकदम डाव टाकीत नाहीत. प्रथम खडाखडी होते. मनगट, मान, कोपर चाचपून प्रतिस्पर्ध्याचा तोल कोणीकडे झुकतो, तो कोठे सैल आहे, हे हात शोधतात. प्रतिस्पर्धीही हालचाल करतो, आणि त्या हालचालीतच आपली वाट उघड करतो. मग धोबीपछाड वा ढाक पडते, ती पापणी लवण्याच्या आत. प्रेक्षकांची आरोळी त्यानंतर. आधी चाचपणी, मग दोन्ही बाजूंनी जुळलेली वाट, मग प्रहार, शेवटी गर्जना: मेघ आणि मल्ल यांतले साधर्म्य हे आहे. रंगात आणि चकाकीत ते नाही. हे साधर्म्य ज्या नियमात उतरेल, त्या नियमातच वीज असेल.

६

आता या साधर्म्यावरून विद्युन्मल्लाची घडण कशी होईल, याचा एक आराखडा कल्पिता येतो. २०१४ च्या नियमांत भिक्षूचे उपवर्ग तिसऱ्या, सहाव्या, अकराव्या आणि सतराव्या पायरीवर नवे सामर्थ्य देतात. चारच जागा, म्हणून प्रत्येक जागेवर एकच कल्पना आणि ती पुरती.

तिसऱ्या पायरीवर 'खडाखडी'. मल्लाने रिकाम्या हाताने शत्रूला स्पर्श केला, की त्या शत्रूवर वाट उघडते. ती मल्लाच्या पुढच्या पाळीपर्यंत राहते. त्या अवधीत शत्रूने मल्लावर हल्ला केला, तर वाट दोन्हीकडून जुळली असे समजावे. पुढच्या पाळीत एक प्राणबिंदू खर्चून मल्ल त्या वाटेने प्रहार करतो आणि विजेचा एक अधिक फासा टाकतो; वाट जुळलेली असेल तर दोन. शत्रू स्वस्थ राहिला तर त्याचे नुकसान कमी. म्हणजे सूत्रधारालाही आता विचार करावा लागतो: समोरचा राक्षस उतावळा की सावध? एका साध्या नियमातून दोघांच्या स्वभावाचा प्रश्न उभा राहिला. नाट्य येथून सुरू होते.

सहाव्या पायरीवर 'मागून येणारी गर्जना'. या खेळात वीज आणि गर्जना हे इजेचे दोन स्वतंत्र प्रकार मानले आहेत. हा भेद बहुतेक रचनांत निव्वळ कोष्टकापुरता राहतो. येथे तो काळाचा भेद होतो. वाटेने प्रहार झाल्यानंतर, मल्लाची पुढची पाळी येताच, शत्रू उभा होता त्या जागी गडगडाट होतो आणि दहा फुटांच्या आतील प्रत्येकाला ढकलतो. तो मित्र-शत्रू पाहत नाही. मल्लाने सवंगड्यांना आधी सावध केले पाहिजे, आणि सवंगड्यांनी त्याच्यावर विश्वास ठेवला पाहिजे. वीज एकट्याची असते. गडगडाट सर्वांना ऐकावा लागतो.

अकराव्या पायरीवर 'वज्रांग'. मल्लावर विजेचा आघात झाला तर त्याला अर्धीच इजा होते, आणि एक प्राणबिंदू परत मिळतो. मात्र दोन विश्रांतींच्या दरम्यान एकदाच. ही हनुवटीच्या कथेची नियमरूप छाया आहे. देहाला बळ मिळते ते आघात चुकवून नव्हे, आघात झेलून. एकदाचेच बंधन नसेल तर खेळाडू आपल्याच मांत्रिक मित्राकडून वीज पाडून घेत बसेल, आणि पुराणकथेचा व्यापार होईल. मर्यादा ही येथे केवळ हिशेबाची बाब नाही; ती औचित्याची बाब आहे.

सतराव्या पायरीवर सामान्य रचनाकार सर्वांत मोठा स्फोट ठेवतो. येथे मात्र वज्राची दुसरी कथा आठवावी. वृत्राच्या वधासाठी दधीची ऋषीने आपल्या अस्थी दिल्या, त्यांचे वज्र झाले, आणि ते चालविले इंद्राने. ज्याचे वज्र, त्याच्या हातून प्रहार घडलाच नाही. म्हणून शेवटच्या सामर्थ्याचे नाव 'दधीची'. मल्ल आपली उरलेली सर्व प्राणशक्ती आणि प्रकृती सावरण्याचे सर्व फासे एका सवंगड्याच्या हाती देतो. त्या सवंगड्याच्या पुढच्या एका प्रहारात ते सारे विजेच्या रूपाने उतरतात. दीर्घ विश्रांती होईपर्यंत मल्ल रिता राहतो. भिक्षूचा वर्ग ज्या वैराग्याचे नाव घेतो आणि ज्याला नियमांत कोठेच जागा देत नाही, ते वैराग्य येथे खेळाडूला प्रत्यक्ष आचरावे लागते. सतरा पायऱ्या चढून मिळविलेली शक्ती दुसऱ्याला देऊन टाकावी की न द्यावी, हा निर्णय फासा घेत नाही.

७

या घडणीवर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, खेळ हा खेळ आहे. त्यावर पुराणांचा आणि शास्त्रांचा भार कशाला? याला उत्तर असे की भार आधीपासून आहेच, फक्त तो दुसऱ्याचा आहे. भिक्षू या वर्गात चिनी चित्रपट, जपानी शब्द आणि ग्रीक भूते आहेत. जबलपूरच्या घमापुरात एखाद्या मराठी घरी चार तरुण हा खेळ मांडून बसले, तर त्यांच्या जिभेवर आपोआप तेच शब्द येणार. तेवर त्यांच्या गावाजवळ, मारुती त्यांच्या गल्लीत. तरी मेजावरचा मल्ल मात्र शाओलिनचा. परके घेऊ नये असे राजशेखर सांगत नाही. घेतलेले प्रतिबिंबाच्याच पायरीवर राहू नये, एवढेच त्याच्या वर्गीकरणातून निघते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. देवदैवतांची आणि ऋषींची नावे खेळातील सामर्थ्यांना दिली, तर श्रद्धेचा उपमर्द होणार नाही काय? याचे उत्तर तालमीनेच देऊन ठेवले आहे. कुस्तीच्या चार पंथांना भीम, हनुमंत, जांबुवंत आणि जरासंध यांची नावे देताना तालमीला संकोच वाटला नाही. आणि त्यांतला जरासंध तर देवही नव्हे. नाव घेण्यात उपमर्द नसतो. नाव घेऊन त्याचा अर्थ न पेलणे, हा उपमर्द होय. दधीचीचे नाव मोठ्या स्फोटाला देणे अनुचित ठरेल. त्यागाच्या नियमाला ते देण्यात अनौचित्य नाही.

या दोन उत्तरांच्या पलीकडे एक चिंता उरते, आणि ती भाषेची आहे. खडाखडी, ढाक, एकलंगी, घिस्सा, मोळी, कलाजंग या शब्दांमागे मराठी देहाचे कित्येक पिढ्यांचे ज्ञान आहे. आखाड्यात उतरणारी मुले कमी झाली की हे शब्द कोशात जातात, आणि कोशातला शब्द अर्थ सांगतो पण हात धरीत नाही. कथा, कादंबरी आणि नाटक यांनी या शब्दांना थोडा आसरा दिला. ज्या लेखनात वाचकाला स्वतः निर्णय घ्यावा लागतो, त्या नव्या प्रकारात त्यांना आणखी एक घर मिळू शकते. 'खडाखडी' हा शब्द ज्याने मेजावर वापरला, वाट जुळेपर्यंत थांबला, उतावळेपणाने एकदा मार खाल्ला आणि दुसऱ्यांदा धीर धरला, त्याला तो शब्द केवळ माहीत राहत नाही. तो त्याच्या वागण्यात उतरतो. नियम लिहिणाऱ्याच्या हाती एवढे सामर्थ्य असेल, तर त्याच्या लेखनाकडे पाठ फिरवून बसणे समीक्षेला परवडणारे नाही.